जावयाची बाजू

मोठा गडी एका संघातून उठून दुसऱ्या संघात का जातो, हे सांगायला प्रत्येकजण तयार असतो. नोकरी मिळाली, खोली मिळाली, मुंबई मिळाली, आणखी काय पाहिजे? गिरणीच्या चाळीत राहत होते तेव्हा आमच्या मजल्यावर निम्मी बिऱ्हाडं हुतुतूच्या गड्यांचीच. कोण कुठल्या गिरणीतून फुटला, कोणाला कोणी ओढला, यावरून नळावर बायकांचीसुद्धा जुंपायची. मी त्यात बोलत नसे. गड्याला ओढायला काय काय लावतात ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण एकदा मलाच लावलं होतं.

आमचा गाव मालवणच्या जरा वर, खाडीच्या तोंडाशी. समोर पलीकडचा गाव. मधे खाडी, आणि ती ओलांडायला एक मोठी होडी, तिला आमच्याकडे तर म्हणतात. आमच्या मुली पलीकडे दिलेल्या, पलीकडच्या आमच्यात आलेल्या, लग्नकार्य, मयत, सगळं सरमिसळ. भांडण वर्षातून फक्त एका दिवसाचं. शिमगा सरला की आमच्या पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर, दोन गावांचा हुतुतूचा सामना व्हायचा. बक्षीस काय, तर देवळातला एक मानाचा नारळ. हसू नका. तो नारळ ज्या देवळात वर्षभर टांगलेला असे, त्या गावची माणसं बाजारात बांगड्याचा भावसुद्धा वेगळ्या आवाजात विचारायची.

बाबांचं बंदरावर दुकान होतं. दोरखंड, डांबर, खिळे, गळ. पण जीव सगळा हुतुतूत. ते स्वतः खेळायचे तेव्हा म्हणे नारळ आमच्या देवळातून हलतच नव्हता. मग बाबांचा गुडघा गेला, आणि पलीकडे एक गडी उगवला. तर चालवणाऱ्याचा धाकटा मुलगा. लहानपणापासून वल्हं मारून मारून छाती ही एवढी झालेली. "हुतुतुतू" करत आत शिरला की एका दमात दोन-तीन गडी मारून परत जायचा, आणि आमच्या बायका पदर तोंडाशी धरून बघत राहायच्या, जणू तो आमचाच. तो आला आणि नारळ पलीकडे गेला तो गेलाच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. एका वर्षी खेळ आमच्या बाजूनं झुकला होता. मी उपड्या घातलेल्या एका होडीवर बसून बघत होते. तो गडी चढाई करून आत आला आणि आमच्या तिघांनी त्याला धरला, कमरेला, पायाला, जिथे हात पोचेल तिथे. सगळी पुळण त्या ढिगाकडे बघत होती. मी बघत होते आमच्या कोपऱ्यातल्या गड्याची टाच. पकड घालायच्या आधीच ती बाजूच्या रेघेबाहेर पडली होती. मला काय झालं देव जाणे, मी होडीवर उभी राहिले आणि ओरडले, "आमच्याच गड्याचो पाय भायर पडलो! रेघ बघा आधी!"

पंच येऊन वाकले. ओल्या वाळूत टाच स्पष्ट उमटली होती, लपवणार कशी? पलीकडचा गडी वाचला, आमचा बाद झाला, आणि नारळ तरीत बसून परत पलीकडे गेला.  घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "तुझ्या चेडवाक जेवक वाढू नको. घरभेदी मेली!"

आईनं वाढलं. पण त्या दिवसापासून घरात माझं नावच ते पडलं. "घरभेदी, तांब्यो हाड." "घरभेदी, दुकानार कोण इलो बघ." शेजारच्या बायासुद्धा म्हणायला लागल्या. मी तोंड फिरवून कामाला लागायची, पण एकदाही म्हटलं नाही की मी चुकले. टाच बाहेर होती ती होती.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर दोन्ही गावांची बैठक बसली. आमच्याच लोकांनी मागे कधीतरी मुंबईच्या गिरणीतला एक पगारी गडी कोणाचा तरी चुलतभाऊ म्हणून आणून उभा केला होता, त्यावरून कुरबुर चालू होती. शेवटी सगळे देवळात गेले आणि देवापुढे गाऱ्हाणं घालून नियम केला. "जो गावात जन्मलो तो गावाचो गडी, नायतर गावचो जावय तो गावाचो गडी. तिसऱ्याक पुळणीर पाय ठेवूक दिवचो नाय, बा देवा म्हाराजा!" आणि सगळ्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हटलं. जावई त्यात कसा घुसला? आमच्या एका मानकऱ्याचा जावई पकड फार चांगली घालायचा, एवढंच. माणसं देवालासुद्धा आपल्या सोयीनं बोलायला लावतात.

बाबा देवळातून परत आले ते हसत. ओटीवर बसले, पान लावलं, आणि आपल्याशीच म्हणाले, "जावय चलता." कुठला जावई, ते मला तेव्हाच कळलं.

आईनं मला सांगितलं ते चुलीशी, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. पलीकडे तर चालवणाऱ्यांच्या घरात बोलणं लावलं आहे म्हणाली, धाकट्यासाठी.

"बाबांका गडी व्हयो," मी म्हटलं. "तर माका कित्याक देतत?"

"हळू बोल गो."

"गळाक सुंगट लावतत तशी लावतत माका! मासो गावलो की सुंगटाचा काय होता, ता कोणी इचारता?"

सुंगट म्हणजे कोळंबी, गळाला आम्ही तीच लावतो. आईनं परातीतल्या पिठावर हात आपटला आणि म्हणाली, "बाईमाणसान इतक्या खोलात जाव नये." मग पदरानं डोळे पुसले. धूर झाला असेल, नाहीतर दुसरं काही.

खरं सांगू? लग्नाचा राग नव्हता. गडी देखणा होता, आणि मी काही आंधळी नव्हते. राग वेगळाच होता. तो आला तर पुळणीसाठी आला की माझ्यासाठी, हे मला जन्मात कळणार नव्हतं. बायको म्हणून त्या घरात जायचं की आमिष म्हणून? कोणाला विचारायचं? तेवढी एकच गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आणि मला झोप लागेना.

ते बघायला आले. त्याची आई, थोरला भाऊ आणि तो. आई बोलायला तिखट, भाऊ अबोल. मला विचारलं ते नेहमीचंच, रांधता येतं का, शाळा कुठवर झाली. तो मान खाली घालून पोहे खात होता. आई म्हणाली, "तुका काय इचारूचा आसा तर इचार रे." तेव्हा त्यानं मान वर केली.

"पुळणीर खेळ बघूक येतंस काय अजून?"

"बाबा पाठवीत नाय," मी म्हटलं. "माझी नजर वायट आसा म्हणतत."

तो हसला. चांगला खळखळून हसला, आणि भावानं त्याला कोपर मारलं तरी थांबला नाही. बाबासुद्धा हसले, नाइलाजानं. मी आत गेले आणि हंड्यावर झाकण असं आपटलं की मांजर पळालं. मुलगी बघायला आलेला माणूस, आणि विचारतो काय, तर पुळणीबद्दल! झालं तर मग. कळायचं ते कळलं, असं मी मनाशी म्हटलं.

माघात लग्न झालं. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, आणि मागून कोणीतरी ओरडला, "गडी आपलो झालो रे!" मांडवभर हशा पिकला. बाबांनी मिशीवरून हात फिरवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर बायका म्हणतात, बघा, माहेर सुटताना पोर कशी रडते. तोंडात हार कोंबावेत एकेकीच्या, असं वाटलं मला.

पलीकडे गेल्यावर समजलं की बाबांनी घाईत एक गोष्ट बघितलीच नव्हती. जावई झाला, म्हणून तो आमच्या गावचा गडी झाला, हे खरं. पण तो जन्मला पलीकडे, ते काय पुसलं गेलं? नियमाप्रमाणे तो दोन्ही गावांचा! गाऱ्हाणं घालताना एवढी शहाणी माणसं हात जोडून उभी होती, एकाच्याही टाळक्यात हे आलं नव्हतं. सासूनं मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं, आपला मुलगा आपलाच म्हणून. "चेडू तुमचा इला आमच्यात. झिल आमचो खंय गेलो नाय."

मग काय, पुन्हा देऊळ. दोन्हीकडची माणसं देवाचा कौल घ्यायला गेली. गुरवानं देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर आमचा गाव, डावी पडली तर पलीकडचा. सकाळची दुपार झाली, एक पाकळी हलेल तर शपथ. शेवटी भुकेलेला गुरव म्हणाला, "देव काय बोलणा नाय. गड्याक इचारा." आणि गडी, म्हणजे आता आमचे हे, खांबाला टेकून बसले होते. सगळे वळले तसे उठले आणि म्हणाले, "भरती लागली, माका तर सोडूक व्हयी." आणि चालायला लागले.

त्यात मुंबईहून निरोप आला. एका गिरणीचा माणूस आगबोटीनं मालवणात उतरून आमचा सामना बघायला येणार होता. गडी पसंत पडला तर गिरणीत नोकरी आणि चाळीत खोली. झालं, आगीत तेल. आता कोणत्याही बाजूनं उभं राहिलं तरी लोक म्हणणारच होते की नोकरीसाठी जिंकणारी बाजू बघितली.

शिमग्यासाठी मी माहेरी निघाले. होडी आमच्या धक्क्याला लागली आणि बघते तो बाबा धक्क्यावर उभे. मला उतरूच दिलं नाही. मागे आई उभी होती, हातात काहीतरी झाकून आणलेलं. तरीत माणसं होती, शहाळ्यांच्या पाट्या होत्या, कोणाची पर्वा नाही. बाबा म्हणाले, "तुझो घोव माझ्या बाजूक उभो रवलो तर ह्या घर तुझा. पलीकडे उभो रवलो, तर ह्या धक्क्यार परत पाय ठेवू नको. मी बोलतंय आणि देव आयकता."

"मी काय केलंय, बाबा?"

"ता तू त्येका सांग."

बाबा शब्दाचे कसे, हे सगळा गाव जाणून होता. सख्ख्या भावाशी एकदा बांधावरून बिनसलं, तर त्याच्या मयताला गेले ते कुंपणाबाहेर उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही. मी तशीच तरीत बसून परत गेले. आई हातातलं झाकण धरून उभी होती ती लहान लहान होत गेली आणि मी खाडीचं पाणी बघत रडले, लाज वगैरे सगळी सोडून.

घरी आले तर हे होडीच्या बुडाला डांबर लावत बसलेले. बाबांनी सांगितलेलं मी यांना सांगितलं नाही. का सांगू? ते सांगितलं असतं तर बाबांचं काम मीच केलं असतं. मग मी आमिष नाही, मी स्वतःच गळ! मी एवढंच विचारलं, "तुमी खंयच्या बाजून उभे रवतल्यात?"

"बघूया."

"बघूया म्हणजे काय? काय बघूचा रवला आता?"

"डांबर थंड होता गो. बाजूक हो जरा."

मी डांबराची करवंटी लाथेनं उडवली. बराच वेळ शिव्या दिल्या, त्यांना, त्यांच्या गावाला, माझ्या गावाला, त्या नारळाला. त्यांनी करवंटी उचलली आणि परत डांबर लावायला लागले. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? घरात सासू माझ्याशी बोलत नव्हती, माहेरी पाऊल ठेवायचं नव्हतं, आणि नवरा होडीशी बोलत होता. मला दोन्हीकडून फास लागला होता. हे आमच्या बाजूनं उभे राहिले तर मी आमिष, हे पुळणीवरच सिद्ध झालं. पलीकडच्या बाजूनं उभे राहिले तर माझी आई मला दिसणार नाही.

सामन्याच्या दिवशी पुळण माणसांनी भरून गेली. वाळू पाणी मारून चोपली होती, रेघा ओढल्या होत्या. पंच म्हणून तिसऱ्याच गावचे एक मास्तर होते, दोन्हीकडून कोणी बोट दाखवू नये म्हणून. गिरणीचा माणूस खुर्चीवर बसला होता, आणि खुर्चीचे पाय वाळूत रुतत होते म्हणून सारखा उठून ती सारखी करत होता. मी धक्क्यावर न चढता पुळणीवरच उतरले आणि उभी राहिले ती मधल्या रेघेच्या टोकाशी, दोन्हीकडच्या बायकांत, त्याच उपड्या होडीजवळ. माझ्याशेजारी सासू.

हे पलीकडच्या माणसांबरोबरच तरीतून उतरले. सदरा काढला आणि भावाच्या हातात दिला. ते बघून पलीकडच्यांनी ढोल बडवायला सुरुवात केली. सासूनं माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच धड बघितलं. मी आमच्या बाजूला उभ्या असलेल्या बाबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा काळा पडत चालला होता.

मग हे मधल्या रेघेपर्यंत चालत आले, वाकून रेघेला हात लावला, आणि रेघ ओलांडून बाबांच्या गड्यांत जाऊन उभे राहिले.

ढोल मधेच थांबला. भावानं सदरा वाळूत फेकला. "शिरा पडो!" असा शाप घालून सासू उठली ती सरळ तरीकडे गेली. आमच्याकडचे नाचायला लागले, बाबांनी मांडीवर अशी थाप मारली की मला इकडे ऐकू आली. माझं माहेर राहिलं होतं. आणि मी होडीचा काठ धरून खाली बसले. सुंगट ते सुंगटच, दुसरं काय? शेजारची मला हलवून म्हणते, "हस मां गो!" हसते कसली!

आमच्या सामन्यात मेलेला गडी परत जिवंत व्हायचा नाही. बाद झाला की बाहेर, आणि ज्या बाजूचे सगळे संपले ती हरली. ऊन चढलं तसे दोन्हीकडचे गळत गेले. हे खेळत होते, पण ओळखीच्या माणसांना मारताना माणूस जसा खेळेल तसे. प्रत्येक चढाईला पलीकडून शिव्या. "घरजावय!" "बायलेचो बैल!" काय काय म्हणत होते. ह्यांचा चेहरा दगड. शेवटी आमच्याकडे एकटे हे उरले, आणि पलीकडे दोघे. त्यातला एक ह्यांचा थोरला भाऊ.

बाबांना उभं राहवेना. गुलालाची मूठ आवळून ते रेघेच्या कडेकडेनं लंगडत होते.

ह्यांनी दम घेतला आणि आत गेले. "हुतुतुतुतुतू..." एकाला कोपऱ्यात गाठून खांद्याला हात लावला, वळले, आणि वळताना भावाच्या छातीलाही हात लावून गेले. दोघेही मेले, हे परत पोचले असते तर. पण भावानं वाळूत झेप घेऊन घोटा धरला. काय धरला! हे पुढे पडले. पोटावर सरपटत रेघेकडे यायला लागले, भाऊ मागे लोंबकळलेला. हात पुढे, बोटं ताणलेली. आवाज बारीक होत चालला होता. दोन्हीकडचे ढोल, शिट्या, ओरडणं, कोणाला काही ऐकू येत नव्हतं. मास्तर रेघेच्या दुसऱ्या टोकाला होते. मी मात्र रेघेच्या टोकाशी, आणि यांचं तोंड माझ्याच बाजूला. त्यांच्या श्वासाशिवाय दुसरं काही मी ऐकतच नव्हते.

बोटं रेघेला लागली. पण त्याच्या आधी, निमिषभर आधी, आवाज थांबला होता.

मास्तरांनी रेघेवरचा हात बघितला आणि आमच्या बाजूनं हात वर केला. गुलाल उडाला. पुळण फुटली नुसती! बाबा त्या गुडघ्यानं धावत सुटले. आमचे गडी ह्यांच्यावर पडायला निघाले.

आणि मी तोंड उघडलं. धक्का डोळ्यांसमोर होता, झाकलेलं भांडं धरून उभी असलेली आई डोळ्यांसमोर होती, आणि तरी उघडलं. माझा स्वभावच मेला तसा. पण आवाज बाहेर पडायच्या आत ह्यांनी वाळूतून मान वर केली आणि नेमकं माझ्याकडे बघितलं. माझं उघडं तोंड बघितलं. मग उठले. अंगावरचे हात बाजूला सारून मास्तरांकडे गेले, पायात भाऊ अजून अडकलेला, त्याला ओढतच.

"मास्तर, दम तुटलो माझो. रेघेक पोचूच्या आधी तुटलो."

मास्तर गोंधळले. "नक्की का? मला तर ऐकू आलं नाही."

"माझो दम. माका म्हायत नसतलो?"

 लाटेचा आवाज यायला लागला. आमचा शेवटचा गडी स्वतःच मेला होता, म्हणजे नारळ पलीकडे. पलीकडचे जिंकले होते, पण ओरडावं की नाही हे त्यांना कळेना. भावानं घोटा सोडला, वाळूत बसून राहिला आणि म्हणाला, "गाढवा." मग उठला, मघाशी फेकलेला सदरा शोधून आणला, झटकला आणि ह्यांच्या खांद्यावर टाकला.

बाबा येत होते. माणसं बाजूला झाली. मी कधी उठले आणि कधी ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, मला माहीत नाही. बाबांच्या मुठीत गुलाल तसाच होता, बोटांतून गळत होता. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत ह्यांच्याकडे.

"एक घरभेदी घरातून घालवलंय," बाबा म्हणाले, "तर दुसरो मीच मांडव घालून हाडलंय!"

 मला वाटलं, आता धक्क्याचं बोलणार. बाबांनी गुलाल वाळूत टाकला, धोतराला हात पुसला आणि पाठ वळवली. चार पावलं लंगडत गेले आणि मागे न बघता ओरडले, "बघतंस काय? तुझ्या आवशीन मोरी मासो रांधल्यान हा. जेवल्याशिवाय जाव नकात."

मी तिथेच हुंदका दिला. भर पुळणीत, सगळ्यांसमोर.

गिरणीच्या माणसानं आम्हाला वाटेत गाठलं. नोकरी पक्की समजा म्हणाला, अशी चढाई मुंबईत कोणाची नाही. दम, रेघ, मास्तर, त्याला कशाचं काही नव्हतं. त्यानं पाय बघितले होते. ह्यांनी शुद्ध भाषेत सांगितलं, "येईन. पण खोली आधी पाहिजे. बायको बरोबर येणार." तो हो म्हणाला.

मोरीचं कालवण जेवून आम्ही निघालो तेव्हा ऊन कललं होतं. तरीत आम्ही दोघंच. हे वल्हवत होते. मधल्या पाण्यात आलो आणि मला धरवेना.

"आता सांगा. बाबांच्या बाजून कित्याक उभे रवलात? शब्द दिल्लो तुमी?"

"कोणी शब्द घेतल्यान? तुझ्या बापसान धक्क्यार काय सांगितल्यान, ता माका त्याच सांजे कळला. तरीत बोललेला लपता काय?" त्यांनी वल्हं मारलं. "माझी आवस चार दिवस बोलाची नाय, मगे वाढतली जेवक. गाव पण तसोच. तुझो बापूस बोललेला मोडणारो नाय. तुझा माहेर गेला असता."

मी तेवढ्यावर सोडलं नाही. "आणि लगीन? ता कित्याक केलात? पुळणीसाठी मां?"

ते थांबले. वल्हं तसंच पाण्यात.

"त्या वर्सा तिघांनी माका धरलो तेव्हा सगळी पुळण माझे पाय बघी होती. तू एकटी रेघ बघलंस. ता पण आपल्या बापसाच्या विरोधात. त्याच दिवसा घराक जावन आवशीक सांगितलंय, बायल करूची तर ही. आवस म्हणाली, त्या गावातली नको, तोंडाळ आसा. तुझ्या बापसाचो निरोप इलो तो कितीतरी मगे."

"मगे इतके दिवस तोंडात काय मीठ धरून बसललात?" मी ओरडले. "सांगूक काय झाल्ला?"

"तू इचारलंस खंय? तू भांडत होतंस." आणि ते हसले, पोहे खाताना हसले होते तसे. "तुझ्या बापसाक वाटता त्येना गळ टाकल्यान. अगो, मासो आधीच होडयेत चढान बसललो."

पुढे आम्ही मुंबईला गेलो. बाबा कधी आले की खोलीत ऐसपैस बसायचे आणि शेजारच्या गड्यांना जमवून सांगायचे, ह्या गड्याला पहिला ओढला तो मी, गिरणी नंतर. मिशीवरून हात फिरवायचे. हे खाली मान घालून चहा प्यायचे, आणि मी स्टोव्हशी तोंड फिरवून बसायची. बाबांना आम्ही ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.